वाकडीचं क्षेत्रफळ

गणितात हुशार म्हणून माझी ख्याती लोहा तालुक्यातल्या पाच-सहा गावांत पसरलेली होती, आणि ती पसरवण्यात सोयाबीनचा मोठा हात होता. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगून त्यांचंच नुकसान होतं.

आता पुन्हा ते दिवस आलेत. नांदेडहून लोह्याकडे निघालं की रस्त्याची एक बाजू सोयाबीननं अडवलेली दिसते. पिवळ्या दाण्यांचा लांबच लांब पट्टा, कडेनं मांडलेले दगड, आणि अनवाणी पायांनी दाणे पालथे घालत चाललेली एखादी बाई. एसटीचा ड्रायव्हर तोंडानं शिव्या देतो, पण दाण्यावर चाक घालत नाही. शिवारात मळणीयंत्रं घरघरत असतात. त्यांचा भुसा हवेत असा भरून राहतो की दुपारचं ऊनसुद्धा खरखरीत लागतं. कानामागे, कॉलरच्या आत, कोपराच्या खळीत खाज सुटते. शाळेत सहामाही नुकतीच संपलेली असते, माझ्या पिशवीत आठवीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा असतो, आणि दरसाली लोह्याचा फाटा आला की मला माझ्या लेकीची, प्राजूची, ती दिवाळी आठवते. आठवते म्हणजे काय, खाजेसारखीच सुटते.

मी नांदेडच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. पण माझं नाव झालं ते शाळेमुळे नाही, पारावर. लहानपणी चुलते मला मारुतीच्या पारावर उभं करायचे आणि बसलेल्यांना म्हणायचे, "विचारा काय बी." लोक पावकी, निमकी, दिडकी विचारायचे. म्हणजे अमक्याचा पाव किती, तमक्याची दीडपट किती. प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. एकदा मी चुकीचं उत्तर इतक्या खणखणीत आवाजात दिलं की विचारणाऱ्यालाच वाटलं, आपणच चुकीचं विचारलं. त्यानं मान डोलावली, चुलत्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी त्या दिवशी गणितातलं एक मोठं सूत्र शिकलो: उत्तर लवकर द्यावं आणि मोठ्यानं द्यावं. पुढं त्याच सूत्रावर मी डी.एड., बी.एड. झालो आणि नोकरीला लागलो.

शाळेतही ते सूत्र चाललं. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, उणे गुणिले उणे अधिक कसं काय होतं?" मी म्हणालो, "होतं." ती म्हणाली, "पण कामून?" मी म्हणालो, "परीक्षेत विचारत न्हाईत ते विचारायचं नसतं." वर्ग हसला, पोरगी बसली. सगळं अगदी वेळेत झालं. तास संपायला अजून पुष्कळ वेळ होता, तो मी हजेरी भरण्यात घालवला.

अशा बापाच्या पोटी प्राजक्ता जन्माला आली आणि ती हळू निघाली.

मंदबुद्धी नव्हे. हळू. जेवायला हळू, चालायला हळू, बोलायला तर अशी की फोनवर तिनं "हं" म्हणेपर्यंत समोरच्याला वाटावं रेंज गेली. दहावीला बरे मार्क पडले आणि आमच्याकडे बरे मार्क पडलेल्या लेकराचं जे होतं ते तिचं झालं. आम्ही तिला लातूरला नेऊन घातली. नांदेडला क्लास काय कमी आहेत? गल्लीगल्लीत आहेत. पण नांदेडचे लोक लातूरला पाठवतात आणि लातूरकडचे लोक नांदेडला. बहुतेक आपल्या गावातला सर आपल्याला भाजी घेताना दिसतो म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही. लातूरला मुलींचं हॉस्टेल मिळालं. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले. दोन्ही दगडांवर पाय ठेवायची आमच्याकडे रीतच आहे, बारावीपर्यंत एखादा दगड आपोआप निसटतो.

लातूरला दर रविवारी परीक्षा. संध्याकाळी निकाल बापाच्या मोबाईलवर. इतर बापांना रविवारी चहा गोड लागायचा का नाही माहीत नाही, मी मात्र मोबाईल वाजला की आधी चष्मा पुसत बसायचो. जीवशास्त्रात प्राजू पहिल्या पानावर. गणितात तिला शोधायला बोट बरंच खाली न्यावं लागायचं. त्या दिवाळीच्या सुट्टीत तिला आणायला गेलो तर क्लासच्या सरांनी बोलावून घेतलं. तरुण माणूस, शर्टाच्या बाहीला खडू, दहा पोरं दाराशी शंका घेऊन उभी.

"सर, तुम्ही स्वतः गणिताचे," ते म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं. मुलगी सोडवते ते बरोबर सोडवते. पण एका गणितात अडकली की तिथंच बसून राहते. बाकीचा पेपर कोरा. गणित सोडू द्या. जीवशास्त्रावर मेडिकलची सीट लागेल तिला. दिवाळीहून येताना काय ते ठरवून या."

मी "हाव, सोडते ती" म्हणालो. लवकर आणि मोठ्यानं.

एसटीत तिला सांगितलं. ती खिडकीशी बसली होती. अहमदपूरला गाडी चहाला थांबली, लोक उतरले, चढले, गाडी सुटली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पप्पा, मला गणित ठेवायचंय."

"अगं, पण तुला ते सुटत न्हाई."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं विषय संपला. तिच्या बाबतीत ही चूक मी नेहमी करायचो. ती गप्प बसली की मला वाटायचं संपलं, आणि तिचं तेव्हा कुठं सुरू झालेलं असायचं.

गावी माझे थोरले भाऊ असतात, अण्णा. शेती सगळी तेच बघतात. त्या साली पाऊस लांबला होता, त्यामुळं सोयाबीनची काढणी दिवाळीवर आली होती. आमच्याकडे काढणी गुत्त्यानं देतात. म्हणजे रोजानं मजूर लावायचे नाहीत. एका टोळीशी एकरामागं अमुक इतके रुपये बोलायचे, त्यांनी आपल्या सोयीनं कापून मोकळं व्हायचं. त्यासाठी आधी सोयाबीन किती एकर आहे ते मोजावं लागतं. बाकीची रानं चौकोनी, त्यांची भानगड नसते. भानगड होती ती वाकडीची. वाकडी म्हणजे आमचं ओढ्याकाठचं रान. नावाप्रमाणं वाकडं. एका अंगानं ओढा तिरका जातो, दुसऱ्या अंगानं गाडीवाट तिरकी येते, आणि दोघांच्या मध्ये हे रान असं पसरलंय की कुणीतरी चौकोन उचलून एका बाजूला लोटून दिलाय. सातबाऱ्यावरचा आकडा आजोबांच्या वेळचा. तेव्हापासून ओढ्यानं चांगलेच घास घेतलेत. म्हणून वाकडी दरसाली मोजायची आणि दरसाली मीच मोजायची.

माझी रीत चुलत्यांनी शिकवलेली, आमच्या भागातल्या सगळ्यांचीच रीत. तेहेतीस फुटांचा दोर, म्हणजे कासरा, घ्यायचा. बांधाबांधानं चारी बाजू मोजायच्या. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, दुसऱ्या दोन्हींची काढायची, आणि गुणायचं. गुंठे निघतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. इतर लोक हे करताना बोटं मोडतात, काडीनं मातीत आकडे मांडतात. मी चौथ्या बांधावरून परत येतानाच उत्तर ओरडायचो. टोळीची मुकादम कौशाबाई. पन्नाशीची, कंबरेला विळा, तोंडात कायम मिश्री. ती कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघायची. आसपासच्या गावांतसुद्धा तिरकं रान असलं की ती म्हणायची, "मोजाया मास्तरला बलवा. मास्तरवानी कुणी मोजत न्हाई." आणि मला बोलावणं यायचं. मी सुट्टी टाकून जायचो.

त्या साली गंमत झाली. मी मोजलं, आकडा ओरडला, आणि अण्णांनी खिशातून मोबाईल काढला. कृषी केंद्रातल्या कुणीतरी त्यांना एक ॲप घालून दिलं होतं. मोबाईल हातात धरून बांधानं चक्कर मारली की रान किती ते सांगतं. अण्णा चक्कर मारून आले आणि म्हणाले, "गुर्जी, हे तं कमी सांगून राहिलं."

चांगलंच कमी सांगत होतं. मी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि ॲपला नापास केलं. "अण्णा, ते वरून बघतंय. वरून बघितल्यावर आपण बी बारीकच दिसतो."

अण्णांना पटलं. कौशाबाईला तर फारच पटलं. "ह्या मोबाईलाचं काय खरं हाय, मास्तर? माझ्या पोराच्या मोबाईलात पाऊस सांगतेत, अन् थेंब बी पडत न्हाई." पाडव्यानंतर टोळी येईल असं ठरलं आणि आम्ही घरी निघालो. प्राजू मागे राहिली होती. ओढ्याच्या कोपऱ्यावर उभी राहून रानाकडे बघत होती.

"चल गं."

"पप्पा, पण कमी कामून आलं?"

"मशीन चुकलं."

"मशीन चुकलं असतं तर बाकीच्या रानांना बी चुकलं असतं. अण्णांनी ती पण मोजली. ती बरोबर आलीत. वाकडीलाच कामून चुकलं?"

मी उत्तर लवकर दिलं: "ऊन झालंय, चल."

त्यानंतरचे दिवस घरात दिवाळी होती आणि प्राजू दिवाळीत नव्हती. अभ्यंगस्नानाला तिला दोनदा हाका माराव्या लागल्या. रांगोळी काढता काढता ठिपक्यांवर बोट ठेवून थांबली, तेवढ्यात कोंबडी अर्धी रांगोळी विस्कटून गेली. अण्णांची बायको म्हणाली, "पोरगी कुठं लक्ष ठेवून राहिली? लातूरला काही झालं का?" मला मात्र सगळं स्पष्ट दिसत होतं. सर म्हणाले ते हेच. अडकते, आणि बसून राहते. जगातली सगळी माणसं करंज्या खातायत आणि ही एका रानाचा कोपरा चघळतेय. मी मनाशी पक्कं केलं. गणित सोडायचं. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. घरात एक गणिती पुरे असतो.

अंगणात एक जुनी बाज होती. सुंभ ओढून ओढून ती तिरकी झालेली. अण्णा तिच्यावर दुपारचे आडवे झाले तर पाय बाहेर. ते वैतागून म्हणाले, "ही बाज आखडली का काय? आधी तं पुरायची." मग मी आणि त्यांनी समोरासमोरचे कोपरे धरून ती ओढली. आमच्याकडे सगळेच असं करतात, वर्षातून दोन-चार वेळा. बाज कुरकुरली, सरळ झाली, अण्णा पुन्हा आडवे झाले, पाय मावले. जगात याहून साधी गोष्ट नसेल. प्राजू ओसरीवर कंदिलाला कागद चिकटवत बसली होती. तिचा हात थांबला. डिंक बोटावर तसाच.

पाडव्याच्या सकाळी कौशाबाई गुत्त्याचं पक्कं करायला आली. ओसरीच्या पायरीवर बसून चहा पीत होती. अण्णा बाजेवर. मी पेपर तपासत होतो. प्राजू मागच्या गोठ्यातून आली. हातात गेल्या सालच्या चार तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या. त्यांची टोकं तिनं सुतळीनं एकमेकांना बांधून चौकट केली होती. ती चौकट तिनं माझ्यापुढं ठेवली, पेपरांच्या गठ्ठ्यावरच.

"पप्पा, हे रान हाय."

"बरं."

"हे मोजा तुमच्या रीतीनं."

मी मोजल्यासारखं केलं. तिनं दोन कोपरे धरून चौकट जराशी तिरकी केली. "आता?"

"तेवढंच की."

"बाजू बदलल्या?"

"न्हाई."

"तुमचं उत्तर बदललं?"

"बाजू बदलल्या न्हाईत तर उत्तर कसं बदलेल?"

तिनं चौकट आणखी तिरकी केली. आणखी. मधली जागा निमुळती होत गेली. शेवटी तिनं ती पार दाबून टाकली, चारी तुराट्या एकमेकींना चिकटून एक जुडी झाली, आणि तिनं ती माझ्यापुढं धरली.

"आता ह्याच्यात किती सोयाबीन पेराल?"

मी जुडी हातात घेतली, तिच्यात बोट घालून बघितलं. बोट शिरेना. आणि मग ती अगदी हळू, तिच्या त्या रेंज गेल्यासारख्या आवाजात म्हणाली, "रान जितकं तिरकं, तितकी तुमची रीत जास्त सांगते. चौकोनी रानाला बरोबर येते म्हणून कुणाला कळलं न्हाई. कर्ण घेतल्याशिवाय न्हाई निघायचं, पप्पा. तुम्हीच शिकवता की आठवीला."

शिकवतो. दरसाली शिकवतो. फळ्यावर शेताचं चित्र काढतो, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण ओढतो, त्याच्यावर दोन बाजूंनी लंब टाकतो, दोन त्रिकोण करतो, उदाहरणात रानाच्या मालकाला नावसुद्धा देतो. आणि घंटा झाली की खडू ठेवतो, गावी येतो, आणि बांधावरून चालत चुलत्यांच्या रीतीनं रान मोजतो. हे शेत आणि ते शेत एकच आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ते पुस्तकातलं होतं, हे चिखलातलं. मी ज्या पेपरांवर लाल पेन चालवत होतो त्यातला एक प्रश्न नेमका तोच होता. दोन मार्कांचा.

पहिले हसले अण्णा. बाजेवर उठून बसून हसले. "म्हंजी गुर्जी, एवढी सालं आपण ओढ्यातलं बी सोयाबीन कापून घेतलं म्हणायचं!" मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते कौशाबाईकडे वळले. "कौशाबाई, तुला ठावं होतं का गं हे?"

कौशाबाईनं बशीतला चहा शेवटपर्यंत ओढला. "मला काय ठावं? मी काय शाळा शिकली? पर मास्तरच्या एकराला बरकत हाय, एवढं ठावं होतं. दुसऱ्याचा एकर दिस मावळला तरी सरत न्हाई. मास्तरचा एकर भाकर खायाच्या आत सरतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उगं का आम्ही गावोगाव तुमचं नाव काढत होतो?"

एवढं बोलून ती अशी काही हसली की तिची मिश्री पायरीवर उडाली. माझी तालुकाभरची ख्याती अशी तिथं, बशी, तुराट्या आणि मिश्रीच्या मध्ये, निकाली निघाली. ज्या ज्या गावात मला सुट्टी टाकून बोलावलं होतं ती सगळी गावं डोळ्यांपुढून गेली. सगळी रानं तिरकी होती.

अण्णा म्हणाले, आता खऱ्या एकरानं द्यायचं. कौशाबाई म्हणाली, मग भाव बी खरा द्यावा लागेल, आजवरचा मास्तरच्या एकराचा होता. दोघं बराच वेळ घासाघीस करत बसले. रान कमी झालं, भाव वाढला, आणि शेवटी गुत्तं गेल्या सालच्याच आसपास येऊन थांबलं. म्हणजे जगाला माझी चूक आधीच पचलेली होती. ती फक्त एका पोरीला पचत नव्हती.

मी हे नंतर पुष्कळदा घोळवलंय. ॲपनं दाखवलेला फरक आम्ही चौघांनी पाहिला होता. मी तो मोठ्या आवाजाखाली दाबला. अण्णांनी थोरपणानं सोडून दिला. कौशाबाईनं शहाणपणानं. आमची बुद्धी काही प्राजूपेक्षा कमी होती असं नाही. पाढे तर तिला आजही माझ्याइतके येत नाहीत, सतरा नव्वेला ती अजून अडखळते. पण आम्हाला तो फरक टोचला नाही. तिला टोचला, आणि टोचतोय हे कबूल करून ती चार दिवस तशीच वावरली, करंज्या सोडून, रांगोळी बिघडवत, न कळल्याची लाज न बाळगता. मी इतकी वर्षं ज्याला गणित म्हणत होतो ते उत्तर आल्यावरचं होतं. उत्तर यायच्या आधी माणसाला कुठंतरी थांबावं लागतं, तिथं मी कधी थांबलोच नव्हतो. शाळेत ती पोरगी उणे-गुणिले-उणेपाशी थांबली होती, तर तिला मी खाली बसवलं.

सुट्टी संपली. मी प्राजूला घेऊन लातूरला गेलो. क्लासमध्ये सरांच्या केबिनबाहेर तीच दहा पोरं, किंवा त्यांच्यासारखीच दुसरी. मी सरांना तुराट्यांची गोष्ट सांगितली. सांगताना हातवारे जरा जास्तच झाले. टेबलावरचे दोन पेन आणि दोन स्केचपेन घेऊन मी चौकट करायला गेलो, ती सुटली, आणि एक पेन सरांच्या चहात पडलं. सरांनी ते काढून रुमालानं पुसलं. भला माणूस. शांतपणे म्हणाले, "सर, फार छान आहे. खरंच. पण तिला चार दिवस लागले. पेपर तीन तासांचा असतो."

आणि ते बरोबर होते. हे मी आजही म्हणतो. त्यांचं रान चौकोनी होतं, त्यांची रीत तिथं बरोबर येत होती.

बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं घुंगरू वाजत होतं. दोन ग्लास घेतले. मी तिला विचारलं, "तुझं तू सांग. खरं सांग. काय करायचं?"

तिनं अर्धा ग्लास संपवला. मी थांबलो. थांबायची सवय नव्हती, म्हणून ग्लासावरचे फेसाचे बुडबुडे मोजत बसलो.

"पप्पा, जीवशास्त्र मला येतं. वाचलं की येतं. गणित येत न्हाई." तिनं उरलेला रस संपवला. "म्हणून ठेवायचंय."

"आणि न्हाईच आलं तर?"

"तर न्हाई आलं."

मी परत केबिनमध्ये गेलो आणि सरांना सांगितलं, गणित राहू द्या. सर म्हणाले, "विचार करा, सर. नंतर मला म्हणू नका." मी म्हणालो, "विचार तिनं केलाय." आमच्या घरात तेवढी एकच व्यक्ती ते काम करते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता इथं गोष्टीत असतं तसं व्हायला पाहिजे होतं. तसं काही झालं नाही. प्राजूला तिथल्या खालच्या तुकडीत टाकलं. रविवारी माझं बोट पहिल्याइतकंच खाली जात राहिलं. अभ्यास दोन्हीकडे वाटला गेल्यानं जीवशास्त्रातही ती पहिल्या पानावरून घसरली. मेडिकलची सीट लागली नाही, इंजिनिअरिंगचीही धड नाही. अण्णांची बायको अजून लग्नकार्यात कुणी विचारलं की उसासा टाकते, "डॉक्टर झाली असती बघा, बापानं गणितात घातली." बापानं! माझ्यावर आजवर झालेल्या आरोपांत हा सगळ्यात मानाचा आहे, म्हणून मी खोडून काढत नाही.

ती नांदेडलाच बी.एस्सी. झाली. आता गणितात एम.एस्सी. करते. घरीच असते. एका कसल्याशा प्रश्नात ती उन्हाळ्यापासून अडकलेली आहे. मी एकदा तो काय आहे ते विचारलं. तिनं सांगितलं. मला पहिलं वाक्यही कळलं नाही, आणि मी तसं म्हणालो. तिनं वही बंद केली, नवं पान घेतलं आणि पहिल्या वाक्याच्या आधीचं वाक्य सांगायला बसली. आमच्यात हल्ली असं चालतं. तिचं पुढं काय होणार, नोकरी लागेल की नाही, ते मला माहीत नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा मी हेच सांगतो, माहीत नाही. ते चमकून बघतात. गणिताच्या मास्तरकडून हे उत्तर त्यांना अपेक्षित नसतं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. वाकडी मोजायची होती. ॲप आहेच, पण कौशाबाईला मोबाईल चालत नाही आणि अण्णांना मला राबवल्याशिवाय दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. चारी बाजू बांधानं मोजून झाल्या. राहिला कर्ण. कर्णाची अडचण अशी की तो बांधावरून जात नाही. सोयाबीन उभं असतं. वाळलेल्या शेंगा पोटऱ्यांना टोचतात, पानगळीखाली भेगा असतात, भेगांत काय असेल ते सांगता येत नाही. मी जन्मभर बांधावरून चाललेला माणूस.

प्राजू वळसा घालून ओढ्याकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, निशाणीसारखी, ओढणी डोक्याला बांधून. अण्णांनी मागून कासऱ्याचं टोक धरलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधाच्या कडेकडेनं पाय टाकायला लागलो.

"पप्पा," ती तिकडून ओरडली, "कडेनं नका येऊ. सरळ या, माझ्याकडं बघत."

शिरलो आत. एक कासरा. दोन. शेंगा तडतड फुटत होत्या, दाणे बुटात जात होते. एका जागी पायाखाली काहीतरी सळसळलं, मी उडालो, अण्णा मागून हसले, "गुर्जी, सरडा हाय, सरडा." पुन्हा निघालो. रानाच्या मध्यावर आलो तेव्हा घामानं चष्मा धुरकटला होता. तो पुसायला थांबलो.

"किती झाले, पप्पा?" प्राजू ओरडली.

मागं वळून बघितलं. अण्णांनी दोन्ही हात वर केले: मोजणं गुर्जीचं काम. पलीकडे बांधावर कौशाबाई कमरेवर हात ठेवून उभी, माझा आकडा ऐकायला टपलेली. जुन्या सवयीनं एक आकडा माझ्या तोंडात आलासुद्धा. चांगला, खणखणीत आकडा होता. कुणी तपासला नसता.

"इसरलो," मी ओरडलो.

कौशाबाई खदखदून हसली. तिकडून प्राजूनं ओढणी सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"मग पहिल्यापासून!"

मी कासरा गोळा केला आणि उभ्या सोयाबीनमधून परत पहिल्या कोपऱ्याकडे निघालो.